दर पावसाळ्यानंतर शॉकअप पुन्हा का जातो? कोकणातल्या गाड्यांसाठी तपासणी आणि बदल

गेल्या दिवाळीच्या आधी आठवडाभर शाळेतले एक गुरुजी गाडी घेऊन गॅरेजला आले. छोटी हॅचबॅक, सात वर्षांची, आतून अगदी स्वच्छ. उतरता उतरताच म्हणाले, “ह्या आता तिसऱ्यांदा झाला. दर वर्साक शॉकअप बदलूचे काय रे?” पुढची जोडी दोन वर्षांत दोनदा बदलून झाली होती. दोन्ही वेळची बिलं त्यांनी जपून ठेवलेली, पार्ट नवे आणि ओरिजिनल. तरी देवगडहून नांदगाव तिठ्यापर्यंत गाडी होडीसारखी डुलत होती आणि खड्ड्यात गेली की पुढून धाडकन आवाज.

“गुरुजी, आधी खोलून बघू दे माका, मगे सांगतंय,” म्हटलं आणि गाडी आत घेतली.

त्या गाडीत काय निघालं ते पुढे सांगतो. पण ही तक्रार एकट्या गुरुजींची नाही. गणपती ते दिवाळी या दिवसांत तीच तक्रार घेऊन गाड्या येत राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शॉकअप नुकतेच बदललेले असतात. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: शॉकअप आपण होऊन क्वचित मरतो. त्याला मारणारं काहीतरी शेजारीच बसलेलं असतं. ते तसंच ठेवून नुसता शॉकअप बदलला, तर नवा पार्टही त्याच वाटेने जातो आणि मालक बिचारा पार्टला किंवा रस्त्याला दोष देत बसतो.

आधी शॉकअपचं काम समजून घ्या

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. गाडी मागून बसलेली दिसते म्हणून शॉकअप बदलून मागणारे पुष्कळ येतात. गाडी बसली असेल तर स्प्रिंग थकलेली असते किंवा तुटलेली असते. नवा शॉकअप तिला वर उचलणार नाही.

शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात बारीक भोकं-झडपा असलेला पिस्टन. चाक उसळलं की पिस्टन तेलातून रेटला जातो, तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने वाट काढावी लागते, आणि उसळीतली ताकद उष्णता होऊन नळीच्या पत्र्यातून बाहेर पडते. हल्लीच्या बहुतेक शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजनचा दाब असतो, म्हणजे सतत घुसळून तेलाला फेस येत नाही. हे सगळं आत कोंडून धरणारी वस्तू एकच: दांडी जिथून बाहेर येते तिथलं रबरी सील.

गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होतं, चाक मात्र दहा ते पंधरा वेळा. अंगाचं डुलणं आपल्याला कळतं. चाकाच्या त्या बारीक उड्या कळत नाहीत, आणि खरा धोका तिथे आहे. चाक जितका वेळ रस्त्यावर नीट टेकलेलं नसतं, तितका वेळ ना ब्रेक पुरता लागतो, ना स्टिअरिंग ऐकतं. फोंडाघाट किंवा करूळ घाट उतरताना ओल्या, उखडलेल्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते, तेव्हा ड्रायव्हर टायरला दोष देतो. टायर रस्त्यावर दाबून धरणारा शॉकअप केव्हाच संपलेला असतो. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीतही तेच. चाक हवेत असेल तर एबीएस तरी काय पकडणार?

गेला हे कसं ओळखायचं

शॉकअप एका रात्रीत जात नाही. महिन्या-महिन्याने थोडा थोडा जातो आणि रोज चालवणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होत जाते. म्हणून मी मालकाला सांगतो, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी गाडी द्या. मुंबईहून गणपतीला आलेला भाऊ पहिल्या दहा मिनिटांत म्हणतो, “दादा, गाडी अशी काय झाली?” त्याचं म्हणणं खरं धरा.

चालवताना लक्ष द्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. ब्रेक दाबला की नाक नेहमीपेक्षा जास्त खाली जातं. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकदा बसून शांत होण्याऐवजी आणखी दोन-तीन हेलकावे खाते. खाडीवरच्या पुलावर आडवा वारा लागला की स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागतं. मागचे गेले असतील तर मागे बसलेली मुलं उलटी काढतात. ही मला फार वेळा ऐकू येणारी तक्रार आहे आणि लोक ती घाटाच्या नावावर टाकतात.

टायर मात्र खोटं बोलत नाही. गाडी उभी करून टायरच्या रुंदीवर आणि मग गोलाईच्या दिशेने सावकाश तळहात फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट, मग उंच, मग परत खोलगट असं लागलं तर चाक उड्या मारत चाललंय. नुसती आतली किंवा बाहेरची कड एकसारखी झिजलेली असेल तर तो अलाइनमेंटचा प्रश्न. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवली जाते. या तीन झिजा वेगळ्या ओळखता आल्या तर अर्धं निदान गॅरेजला यायच्या आधीच होतं.

गाडीचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. मडगार्डवर जोर देऊन तीन-चार वेळा दाबा, गाडी खाली असताना हात सोडा. ती वर येऊन जागेवर थांबायला हवी. वर-खाली-वर असं चालूच राहिलं तर शॉकअप गेला. पण या परीक्षेचा उलटा अर्थ काढू नका. हाताने दाबताना पिस्टन फार सावकाश फिरतो. अर्धा मेलेला शॉकअप इथे सहज पास होतो आणि खड्ड्यात, जिथे पिस्टन झपाट्याने फिरतो, तिथे नापास होतो. नापास झाला तर नक्की गेला. पास झाला म्हणजे चांगला आहे, असं नाही.

जुन्या मिस्त्रींची एक युक्ती मला अजूनही फार उपयोगी वाटते. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून आणा आणि उतरल्या उतरल्या शॉकअपच्या नळीला हात लावून बघा. सायलेन्सरच्या पाइपापासून हात जपा. जो शॉकअप काम करतोय तो कोमट ते गरम लागतो, कारण उसळीची ताकद उष्णता होऊन तिथूनच बाहेर पडते. एकाच धुरेवरचा डावा गरम आणि उजवा थंड असेल, तर उजवा नुसता सोबत फिरतोय, काम करत नाही.

आवाज येतो म्हणजे शॉकअपच, असं नाही

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गेलेला शॉकअप बऱ्याचदा आवाज करतच नाही, नुसती गाडी सैल होते. खडखडाट करणारे पार्ट दुसरे असतात.

छोट्या, विखुरलेल्या खड्ड्यांवर कमी वेगात एका बाजूने खट-खट येत असेल तर पहिला संशय जंपिंग रॉडच्या लिंकवर घ्या. जंपिंग रॉड म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारी आडवी सळई, आणि लिंक म्हणजे तिच्या टोकाचा छोटा जोड. एकच चाक चढेल असा अर्धा तुटका स्पीडब्रेकर शोधा आणि सावकाश ओलांडा. दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज नाही, एकच चढलं की आवाज, असं झालं तर लिंकच. तरी खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, तारेने नीट बांधून, गॅरेजच्या आसपास दोनशे मीटर हळू फिरवून आणा. आवाज गेला तर काही हजारांचं काम काही शेकड्यांत झालं. लिंक सोडलेली गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा एवढ्यापुरतंच.

उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम झालेलं असतं. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर नुसती बोटं टेकवा, चिमटीत धरू नका. स्प्रिंग सुरळीत फिरण्याऐवजी अडकून मग झटक्याने सुटत असेल तर बोटांना लगेच कळतं. ब्रेक लावताना किंवा पहिल्या गिअरला गाडी उचलताना एकदाच ‘ठक्’ येतो तो बहुधा लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताच्या) रबरी बुशचा. त्या आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, सैल असेल तर चाक जॅकवर उचलून खालून पहारीने उचकटल्यावर खेळ दिसतो.

आणि स्प्रिंग तपासा, न चुकता. किनाऱ्यावरच्या गाड्यांत स्प्रिंगचा सगळ्यांत खालचा वेढा तुटलेला मी फार वेळा पाहिला आहे. स्प्रिंग ज्यात बसते त्या खालच्या वाटीत लाल माती साचते, ती ओल धरून ठेवते, खारी हवा रंगाच्या टवक्यातून आत शिरते, आणि एक दिवस दीड-दोन इंचाचा तुकडा निखळतो. गाडी चालत राहते म्हणून कळत नाही. तुटलेलं टोक टायरच्या दिशेने सरकलं तर टायर फाडतं. टॉर्च घेऊन वाटीतली माती काठीने उकरून काढल्याशिवाय हा तुकडा दिसत नाही.

ऑइल मारलेली गाडी आणि गळका शॉकअप

आता आमच्याकडच्या एका जुन्या सवयीबद्दल बोलायलाच हवं. मे संपत आला की गाडीला खालून जळकं ऑइल मारून घ्यायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वरून खारी हवा, पत्रा सडू नये म्हणून हा उपाय वडीलधाऱ्यांपासून चालत आला. पत्र्याचं थोडं रक्षण होतं हेही खरं. पण फवारा पत्रा आणि रबर असा भेद करत नाही. इंजिन ऑइल साध्या रबराला फुगवतं, मऊ करतं. लोअर आर्मचे बुश, लिंकच्या टोप्या, शॉकअपच्या दांडीवरचा घडीदार रबरी कोट म्हणजे डस्ट बूट, सगळं ऑइलाने माखतं, त्यावर जांभ्याची बारीक रेव चिकटते, आणि पुढचे चार महिने ती रेव तिथेच घासत राहते. ज्या गाड्यांचे बुश दर दोन वर्षांनी संपतात, त्यांच्या पोटाला हात लावून पाहा. बहुतेक वेळा हात काळा होतो.

दुसरं नुकसान निदानाचं. ऑइल मारलेल्या गाडीचा प्रत्येक शॉकअप गळका दिसतो. चांगली जोडी गळकी म्हणून काढलेली मी पाहिली आहे. म्हणून गळती ठरवण्याआधी शॉकअपची नळी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवा, कोरडी पुसा, आणि दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी वापरा. मग बघा. वरच्या भागात, सीलच्या खाली, धूळ धरलेला पुसट ओलावा दिसला तर चालतं. दांडीबरोबर तेलाचा अगदी बारीक थर बाहेर येतो आणि सीलला त्याची गरजही असते. पण ओघळ खालपर्यंत आला असेल, बोट ओलं होत असेल, तेल खाली टपकत असेल, तर सील गेलं. तो शॉकअप धुऊन पुसून वाचत नाही.

पत्रा जपायचा असेल तर रबराचे पार्ट झाकून अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. समुद्रावर, वाळूत किंवा फेरीच्या धक्क्यावर खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवा. प्रेशरचा फवारा मात्र थेट डस्ट बूटच्या तोंडात मारू नका.

गुरुजींच्या गाडीत काय निघालं

स्प्रिंग दाबून धरली, वरचं नट सोडलं आणि स्ट्रट, म्हणजे पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग मिळून असलेला जोड, बाकावर ठेवला. डस्ट बूट, म्हणजे दांडीवरचा तो घडीदार रबरी कोट, फाटून खाली कडं होऊन बसला होता. त्याच्या आत दांडीवर बंप स्टॉपर असतो, पिवळट फोमचा जाड ठोकळा. गाडी पूर्ण दबली की शॉकअपच्या आतलं लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून तो असतो. बोटांत धरला तर भुगा झाला, जुन्या खोबऱ्याच्या वडीसारखा. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. ओल आणि वय त्याला असंच खातं. गुरुजींच्या गाडीतला बूट आणि स्टॉपर सात वर्षांपूर्वी कंपनीतून आलेलेच होते. दोन वेळा शॉकअप नवे घातले, हे दोन्ही जुनेच परत चढवले.

मग दांडी फडक्याने पुसली. ती आरशासारखी असायला हवी. सीलच्या वर चार बोटांवर तपकिरी ठिपक्यांची एक रांग होती, मोहरीच्या दाण्याएवढीही नाही. नख फिरवलं तर अडकलं. गुरुजींना बोलावून त्यांचं नख त्यावरून फिरवायला लावलं.

इथेच सगळी गोष्ट आहे. दांडी पोलादाची, वर क्रोमचा पातळ थर. बूट फाटला की चाकाने उडवलेली खडी आणि रेव थेट दांडीवर बसते. क्रोमला बारीक टवका पडतो. खारी ओल त्या टवक्यातून आत जाते आणि गंजाचा एक खड्डा तयार होतो. आता चाक वरखाली झालं की तो खड्डा, करवतीच्या एका दातासारखा, सीलच्या रबरी ओठावरून जातो. एका किलोमीटरच्या खराब रस्त्यात हे शेकडो वेळा होतं. पावसाळाभर कापत राहिलं की सील फाटतं, गॅस जातो, तेल जातं. आणि स्टॉपर नसल्यामुळे मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. गुरुजींना ऐकू येणारा धाडकन आवाज तो हाच. त्याने आतल्या झडपा वाकतात.

म्हणजे पार्ट खराब नव्हता आणि रस्ता एकटा दोषी नव्हता. काही शेकड्यांचे बूट आणि स्टॉपर वाचवण्यापायी हजारोंची जोडी दोनदा गेली. आधीच्या मिस्त्रीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बिल वाढलं की गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून बरेच जण हे पार्ट सुचवतच नाहीत. तेव्हा तुम्हीच मागा. शॉकअप बदलताना बूट, स्टॉपर, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवं घालणार का, हे काम द्यायच्या आधी विचारा, आणि काढलेले जुने पार्ट बघायला मागा.

बदलताना

एका धुरेचे दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक लावताना आणि वळणावर गाडी एका बाजूला ओढते. पुढचे गेले म्हणून मागचे लगेच बदलायची गरज नाही, तपासून ठरवा. तेल भरून रंग मारलेले ‘रिपेअर’ शॉकअप घेऊ नका. नळीला भोक पाडून तेल भरता येतं, पण खड्डे पडलेली दांडी तीच राहते.

मागचे शॉकअप बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्प्रिंगपासून वेगळे असतात. हाताला या कामाची सवय असलेला माणूस ते घरच्या खळ्यात बदलू शकतो. पुढचे स्ट्रट मात्र गॅरेजलाच द्या. तिथे दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात मोडेल एवढी ताकद असते, आणि तारेने किंवा दोरीने बांधून ते काम करणारे पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळलेला असल्याशिवाय वरच्या नटला हात लावायचा नाही. आणि कुठलंही काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोडी (गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा.

किनाऱ्यावरच्या गाडीत गंजलेले बोल्ट हेच मोठं काम असतं. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवायचा मोह आवरा. शेजारच्या शॉकअपमध्ये दाब आहे. जुना शॉकअप कापू किंवा जाळू नका, त्याच कारणासाठी.

पुढचं खोलताना ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या ब्रॅकेटमधून आधी मोकळी करा. स्ट्रट निघाल्यावर चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. तो बाहेर पडला तर ॲक्सलचा आतला जॉइंट निसटतो. नकलला धरणाऱ्या दोन बोल्टांच्या जागेवर खूण करून ठेवा. नंतर अलाइनमेंट करायचीच आहे, पण अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ चालेल.

नवा शॉकअप खोक्यातून काढून लगेच लावू नका. वाटेत तो आडवा पडलेला असतो आणि तेलात गॅसचे बुडबुडे शिरलेले असतात. उभा धरून दांडी पूर्ण खाली दाबा, पूर्ण वर येऊ द्या, चार-पाच वेळा. सुरुवातीला मध्येच पोकळ लागेल, मग सगळ्या लांबीत एकसारखा जोर लागायला हवा. जुन्या-नव्याची हीच तुलना करून बघा, तेव्हा हाताला जे कळतं ते कितीही वाचून कळणार नाही.

वरचं नट आवळताना दांडी फिरते. ती फिरू नये म्हणून पकडीने दांडीला धरणारे लोक नव्या शॉकअपचा पहिल्याच दिवशी जीव घेतात. पकडीच्या दातांचे ओरखडे म्हणजे तोच खड्डा, गंजाची वाट न बघता तयार केलेला. दांडीच्या टोकाला ॲलन कीसाठी भोक किंवा चपटा भाग असतो, तिथेच धरायचं. इम्पॅक्ट गन (झटके देत नट आवळणारं यंत्र) इथे नको. दांडीला ग्रीसही लावू नका, ते माती धरतं.

आता माझ्या हातून झालेली चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच पूर्ण आवळायचो. गाडी खाली उतरली की शॉकअपच्या डोळ्यातला रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकायचा आणि मग रोजच्या हालचालीत फाटायचा. पाच-सहा महिन्यांत गाडी परत यायची, ‘शॉकअप पुन्हा वाजतोय’ म्हणून. मी दोनदा पार्ट बदलून दिले आणि कारण मला सापडलं नाही. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने येऊन नुसतं बघितलं आणि म्हणाला, “गाडी पायार उभी असताना आवळ.” बुशमधून जाणारा प्रत्येक बोल्ट, शॉकअपचा असो की लोअर आर्मचा, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळायचा, आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला.

काम झाल्यावर कणकवली-कुडाळला जाऊन अलाइनमेंट करून घ्या. स्ट्रट काढल्यावर चाकाचा कल थोडा तरी बदलतोच, आणि नवे शॉकअप टाकून टायरची आतली कड खायला घालण्यात अर्थ नाही. आधीच चढउतार पडलेले टायर नवे शॉकअप लावल्यावरही थोडे घोंगावत राहतील. तो आवाज शॉकअपचा नाही.

किती दिवस टिकावा

शॉकअप साधारण ८०,००० किलोमीटरला बदलावा असा आकडा पार्ट बनवणाऱ्यांच्या माहितीत बऱ्याचदा सांगितलेला असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून वर्षानुवर्षं रखडलं, वळसे आणि खडी अंगवळणी पडली आहे. त्यात वाडीपर्यंतचा जांभ्याचा रस्ता. इथे तो आकडा धरून बसू नका. दर २०,००० किलोमीटरला आणि दर पावसाळ्यानंतर एकदा खालून बघा.

ओझ्याचाही हिशेब करा. अडीचशे ग्रॅमचा हापूस धरला तर पाच डझनाच्या पेटीत १५ किलो फळ. अशा बारा पेट्या डिकीत आणि मागच्या सीटवर रचल्या की १८० किलो, लाकूड आणि पेंढा वेगळा. म्हणजे तीन मोठी माणसं, तीही मागच्या धुरेच्या वर आणि मागे. गाडी बसते, शॉकअपला दबायला जागाच उरत नाही आणि तो प्रत्येक खड्ड्यात स्टॉपरवर आपटतो. यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबतात. गाडी वर दिसते, पण तेवढा वेढा काम करायचा थांबतो आणि बाकीच्या वेढ्यांवर ताण येतो; गंजलेल्या स्प्रिंगमध्ये मी तरी ते घालणार नाही. पेट्या दोन खेपांत न्या, किंवा टेम्पोला द्या. चाकरमान्यांनीही गणपतीला पाच माणसं आणि टपावर कॅरिअर भरून निघताना दारावरच्या स्टिकरवरची पूर्ण ओझ्याची हवा भरावी.

गुरुजींच्या गाडीला पुढची जोडी, दोन्ही बूट, दोन्ही स्टॉपर, माउंटिंग आणि बेअरिंग असं सगळं घातलं. मे महिन्यात ऑइल मारू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं. या वर्षी गणपतीनंतर ते स्वतःहून आले, तक्रार काही नव्हती. चाक काढलं, बूट वर सरकवला, टॉर्च लावली. दांडी कोरडी, चकचकीत, स्टॉपर दाबला तर परत फुगणारा. गुरुजींनी वाकून दांडीवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. डाव्या लिंकच्या टोपीला मात्र बारीक चीर दिसली, ती लिंक बदलली.